ड्यूटी लिस्ट लावणारीला विचारा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

नर्सिंग महाविद्यालयांत मुलग्यांचे प्रवेश वाढत असल्याची बातमी आपल्या अंकात नुकतीच वाचली. शपथविधीचा फोटो होता, प्राचार्यांचं म्हणणं होतं, दोन पालकांचंही होतं. शिकून बाहेर पडलेला आणि चार-सहा वर्षं वॉर्डात काढलेला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, मात्र त्या बातमीत एकही नव्हता. असता, तर बातमीचा सूर जरा वेगळा लागला असता. मुलं नर्सिंगला येतात हे खरंच आहे, पण पेशंटजवळ राहत नाहीत. का राहत नाहीत म्हणून विचारलं की लोकांकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, बायकी काम, लाज वाटत असेल. दुसरं, दुबईचा पैसा दिसतो. दोन्ही मला पटत नाहीत, म्हणून हे पत्र. लांबलंय, पण काटछाट करताना पगाराचा भाग तेवढा कापू नका.

माझी सगळी नोकरी मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात झाली. शेवटची बरीच वर्षं परिसेविका होते, म्हणजे वॉर्डाची ड्यूटी लिस्ट माझ्या हातात होती. निवृत्तीनंतर पुण्याला मुलाकडे आले आणि घरी बसवेना म्हणून इथल्या एका खासगी रुग्णालयात मेट्रनचं, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुखाचंही काम केलं. कोण कशाला कंटाळलाय हे लिस्ट लावणारीला सगळ्यांच्या आधी कळतं. एखादा कधी न मागणारा मुलगा दोन ऑफ जोडून मागायला लागला आणि बरोबर 'मॅडम, कुणाला सांगू नका' म्हणाला, की ओळखायचं, कुठेतरी मुलाखत आहे.

चार-पाच सिस्टर आणि एक ब्रदर अशी माणसं असली की लिस्ट कशी लागते ते सांगते. ब्रदर कॅज्युअल्टीला म्हणजे अपघात विभागाला, मेल सर्जिकलला, हाडांच्या ऑर्थोला, नाहीतर कैदी वॉर्डाला. त्याच्या नाइट इतरांपेक्षा जास्त. कुणाचं लेकरू लहान असतं, कुणाला रात्री गावातून एकटीने येणं अवघड असतं, आणि कारणं खोटी नसतात. मग उरतो तो. त्याचं लग्न झालेलं नसतं, गाडी असते आणि तो नाही म्हणत नाही.

अशीच एक रात्र. ऊसतोडीचा हंगाम होता. मेल सर्जिकलला आमचा गंगाखेडकडचा ब्रदर एकटा. खाटा भरून खाली गाद्या टाकलेल्या, चाळिसाच्या आसपास पेशंट. दीडच्या सुमारास फिमेल मेडिकलच्या सिस्टरचा फोन आला, एकीचा नवरा पिऊन आलाय, आवरत नाही. हा गेला, त्याला समजावून बाहेर बाकावर बसवून आला. येतो तोच कॅज्युअल्टीतून निरोप, ट्रॅक्टरची ट्रॉली उलटलीय, माणसं एकदमच आलीत. तिथे तासभर. तिथून ऑर्थोत, कारण हाडासाठी वजन बांधून ट्रॅक्शनवर ठेवलेल्या आजोबांना खाली-वर करायचं होतं आणि रात्रपाळीचे मामा म्हणजे वॉर्डबॉय नेमके आलेले नव्हते. मधल्या वेळात दुसऱ्या वॉर्डातल्या दोन म्हाताऱ्यांचे कॅथेटर. पुरुषाला कॅथेटर घालायचा म्हटलं की ब्रदरला हाक, मग सिस्टरला ते काम कितीही चांगलं येत असो. शेवटी पहाटे एक बॉडी खाली न्यायची होती. तीही त्यानेच उतरवली. स्वतःच्या वॉर्डात पोचला तेव्हा उजाडायला आलं होतं. सहाची अँटिबायोटिक्स साडेसातला संपली. आठला सर राउंडला आले, तर निम्म्या पेशंटांचे ताप-नाडी-श्वासाचे टीपीआर चार्ट कोरे.

मेमो निघाला. अर्थातच त्याच्या नावाने. त्याने उत्तरात खरं ते लिहिलं, 'इतर कक्षांमध्ये मदतीस गेलो होतो.' कार्यालयाने उलट विचारलं, तसा लेखी आदेश होता काय? आता काय सांगायचं! 'ब्रदर, जरा येता का?' हाच आमच्याकडचा आदेश. तो कोणत्याच रजिस्टरला चढत नाही. ज्या वॉर्डांनी त्याला बोलावलं त्यांच्या रिपोर्ट बुकात त्याचं नाव नव्हतं आणि ज्या वॉर्डात त्याचं नाव होतं तिथे तो सापडला नव्हता. कागदावर बघाल तर तो कामचुकार.

उद्या मला पुन्हा लिस्ट लावायला बसवलं तर कॅज्युअल्टीच्या रात्रीला मी ब्रदरच लावीन. पन्नास नातेवाईक दार ठोठावत असताना आतल्या पोरींना एक दणकट माणूस बरोबर लागतो. तक्रार ती नाही. त्या रात्रीचं काम कागदावर एका वॉर्डाचं असतं आणि प्रत्यक्षात चार वॉर्डांचं होतं, आणि वरच्या तीन वॉर्डांचं काम फुकटात जातं. नवीन असताना मुलाला यात थोडा अभिमानही वाटतो, सगळे आपल्यालाच हाक मारतात म्हणून. दोन-तीन वर्षांत तो अभिमान ओसरतो आणि पाठ दुखायला लागते.

जिथे मुलांना लावत नाहीत ती यादीही ऐका. लेबर रूम, बाळंतिणींचा पीएनसी वॉर्ड, गायनॅक. पेशंटला संकोच वाटतो, तिचा नकार मान्यच केला पाहिजे, त्यात वाद नाही. पण विद्यार्थी असतानाच मुलाला बाळंतपणाच्या केसेस बघून, करून वहीत लिहायच्या असतात. बाईची सासू दारातूनच हात हलवते, हा नको. त्याच सासूबाई दोन महिन्यांपूर्वी सुनेला घेऊन पुरुष डॉक्टरकडेच गेलेल्या असतात आणि त्यांची शिफारस चार जणींना केलेली असते! असो. मुलगा कसाबसा केसेस पूर्ण करतो आणि पुढे त्या बाजूला कधी फिरकत नाही. खरा तोटा वेगळाच आहे. संकोचाचं कारण सांगून आम्ही त्यांना नवजात बाळांच्या विभागातही (एसएनसीयू) लावत नाही. सव्वा किलोच्या बाळाला कसला संकोच? मी एकाला एसएनसीयूला लावला होता. इतक्या हलक्या हाताने सलाईन लावणारं माणूस मी फार थोडं बघितलंय. पुढच्या महिन्यात कॅज्युअल्टीला माणूस कमी पडला, आणि वरून सांगून त्याला तिथून काढला.

आता लाजेचं बघू. लग्नाच्या बायोडेटात 'नर्स' न लिहिता 'मेडिकल लाइन' लिहायचं, हे आमच्या मुलांच्या आया सर्रास करायच्या. एकाचं जमत आलेलं लग्न मुलीच्या मामाने 'वॉर्डबॉयच की तो' म्हणून मोडलं. तोच मुलगा वर्षभरात सरकारी भरतीत लागला. ऑर्डर हातात पडल्यावर तेच मामा घरी चहाला येऊन बसले, आणि या वेळी जावई नर्स असल्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. त्यामुळे समाज काय म्हणतो यावर लांबलचक लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे, आधी पगाराची स्लिप बघा. समाज तीच बघतो.

तर पगार. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा म्हणजे तीन वर्षं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षं. खासगी कॉलेजात दोन-तीन लाख सहज जातात. शेतकऱ्याच्या घरात हा पैसा कुठून येतो ते मी वेगळं सांगायला नको. शिकून पुण्यात आलेल्या मुलाला छोट्या-मध्यम रुग्णालयात हातात पडतात बारा, चौदा, फार तर सोळा हजार. कॉट बेसिसवर राहायचं, मेस लावायची, गावाकडे दोन-तीन हजार पाठवायचे. मी मेट्रन होते तिथे तर रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं कार्यालयाच्या कपाटात जमा करून घ्यायचे, दोन वर्षांच्या बाँडवर. मध्येच सोडायचं तर दोन-तीन महिन्यांचा पगार भरा आणि कागद घेऊन जा. मी व्यवस्थापनाकडे विषय काढला, त्यांनी चहा पाजून विषय बदलला. मुलं मग कागद सोडवायला उसने पैसे आणतात. आपलीच मार्कशीट आपणच सोडवून आणायची!

हे असंच चालणार, बाजारभाव आहे, असं कुणी म्हणेल. पण यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन झालेलं आहे. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने स्पष्ट आकडे दिले. २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात नर्सचा पगार राज्य सरकारच्या नर्सइतका असावा. १०० च्या वर खाटा असतील तर सरकारी पगारापेक्षा फार तर १० टक्के कमी चालेल, ५० ते १०० खाटा असतील तर फार तर २५ टक्के. आणि ५० खाटांच्या आतलं अगदी छोटं रुग्णालय असलं तरी २०,००० च्या खाली कुणालाच नको. केंद्राने हे राज्यांना कळवलं. केरळने २०१८ मध्ये, तिथल्या नर्सेसनी रस्त्यावर येऊन रान उठवल्यावर का होईना, किमान वेतनाची अधिसूचना काढली. आपल्याकडे सरकारी अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं, सुरुवातीचं मूळ वेतन ३५,४०० आहे. भत्ते बाजूला ठेवा, नुसतं मूळ वेतन धरा, तरी १०० खाटांवरच्या रुग्णालयात ३१,८६० व्हायला हवेत. आपल्या वाचकांत अशा रुग्णालयांत काम करणारे असतीलच. त्यांनी आपली स्लिप काढून बघावी.

आता कुणी विचारेल की हा पगार मुलींनाही तेवढाच मिळतो, मग मुलंच का जातात? मुलीही जातात हो. त्यांचं जाणं कुणी मोजत नाही एवढंच. लग्न झालं, बाळ झालं, सासरच्यांना नाइट नको, असं काहीतरी लिहून फाइल बंद होते आणि ती कमी पगाराला आणि दुहेरी ड्यूटीला कंटाळली होती हे कुणाच्या गावीच नसतं. मुलाला तसं कारण नाही. घर त्याच्या पगाराकडे बघत बसलेलं असतं, म्हणून तो दोन वर्षं आधी निघतो आणि उघड निघतो.

निघतो म्हणजे कुठे जातो, ते मी इतक्या जणांचं बघितलंय की आता वाट पाठ झालीय. आधी पेशंटपासून मशीनकडे, मग मशीनपासून कागदाकडे. पहिला मुक्काम डायलिसिस, ऑपरेशन थिएटर नाहीतर हृदयाच्या तपासण्यांची कॅथलॅब. डायलिसिसला पाळ्या ठरलेल्या, पेशंट ठरलेले, आठवड्यातून दोन-तीनदा तेच चेहरे. काम सोपं नाही, पण तिथून उठून कुणी दुसऱ्या वॉर्डात खाट उचलायला बोलवत नाही. कॅथलॅबला शिशाचा जड एप्रन घालून तासन्तास उभं राहावं लागतं, तरी मुलं खुशीने जातात, कारण कार्डिओलॉजिस्ट नावाने हाक मारतो आणि हातात काहीतरी कौशल्य येतं. दुसरा मुक्काम कागद. कुणी एनएबीएच या रुग्णालयांच्या दर्जाच्या मानांकनाच्या फाइली सांभाळणाऱ्या क्वालिटी विभागात, कुणी विमा कंपन्यांचे क्लेम तपासणाऱ्या टीपीएत, कुणी हिंजवडीत मेडिकल कोडिंगला. एकजण सिरिंज पंप विकणाऱ्या कंपनीत गेला. वर्षभराने टाय लावून आमच्याच आयसीयूत आला आणि नव्या पोरींना पंप कसा सेट करायचा ते शिकवून गेला. इतकं छान शिकवलं की माझ्या मनात आलं, हा इथेच असता तर पंप विकत घेण्याआधीच निम्मं काम झालं असतं. पण त्याला इथे ठेवायला आमच्याकडे होतं काय? दहा वर्षांचा अनुभव असलेला ब्रदर आणि कालचा फ्रेशर यांच्या पगारात चार-पाच हजारांचा फरक.

टीपीएत गेलेला एकजण दिवाळीला घरी आला होता. आयसीयूत फार तयारीचा होता, व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की डॉक्टरच्या आधी कारण सांगायचा. मी विचारलं, काय करतोस रे दिवसभर? म्हणाला, 'मॅडम, फाइली वाचतो. फाइल उघडली की मला कळतं, त्या रात्री सिस्टर एकटी होती.' कसं? तर दहा, बारा, दोन, चार, सहा, पाचही वेळचं बीपी एकाच पेनने, एकाच दमात लिहिलेलं. आकडे सगळे गोल. लघवीचा हिशेब सकाळी एकदम मांडलेला. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे एक नर्स हवी, आणि फाइलवरून दिसतं की तिघांमागे एक होती. 'मग तू काय करतोस?' 'क्वेरी टाकतो.' त्याच्या क्वेरीने रुग्णालयाचे पैसे अडकतात, आणि रुग्णालय ते बिल वेळेत निघावं म्हणून क्लेमच्या टेबलावर आणखी एक नर्सिंग झालेला मुलगा नेमतं. रात्रीच्या पाळीला दुसरी नर्स नेमणं कुणाला सुचत नाही. तो हसत होता सांगताना. मला काही हसू आलं नाही. त्याला आता पंचवीसच्या वर मिळतात, रविवारी सुट्टी असते, लोक सर म्हणतात. परत ये असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

सरकारी नोकरी लागली तर मुलं टिकतात, हे मी बघितलंय. पण तो दरवाजा अरुंद आहे, आणि हे त्यांना प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही. एम्समध्ये, आपलं नागपूरचं एम्स धरून, नर्सिंग ऑफिसरची भरती नॉरसेट या सामाईक परीक्षेतून होते. तिथे ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना असं २०१९ मध्ये ठरलं. लष्कराची गोष्ट त्याहून वेगळी. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी म्हणून फक्त महिला घ्यायच्या, असा १९४३ चा वटहुकूम आहे. जवानांमध्ये नर्सिंग असिस्टंट पुरुष चालतात, अधिकारी झालेले चालत नाहीत. कर्नाटक उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये ती 'फक्त महिला' अट घटनाबाह्य ठरवली.

इथे माझं मत सरळ नाही, ते तसंच सांगते. नर्सिंग हीच एक नोकरी अशी होती की खेड्यातल्या बाईला शिक्षणही मिळायचं आणि पगारही. माझ्या पगारावर दोन दीर शिकले. त्यामुळे बायकांच्या जागा काढून मुलांना द्या असं मी म्हणणार नाही, आणि फिमेल वॉर्डात बायकाच जास्त लागतात हेही खरं. पण मग कॉलेजात प्रवेश देताना मुलांकडून पूर्ण फी घेता तेव्हा माहितीपत्रकावर ठळक अक्षरात छापा की बाबांनो, पुढे सरकारी भरतीत तुमच्यासाठी एवढ्याच जागा आहेत. शेत गहाण टाकणाऱ्या बापाला ते आधी कळायला हवं. प्राचार्यांच्या मुलाखतीत मला हे वाक्य सापडलं नाही.

उरलेल्यांसाठी कंत्राट. राष्ट्रीय आरोग्य अभियानात अकरा महिन्यांचा करार, मध्ये एक-दोन दिवसांचा खंड, पुन्हा अकरा महिने. असे केस पिकलेले ब्रदर मला माहीत आहेत. कोविडमध्ये कंत्राटी मुलं भराभरा घेतली. पीपीई किटमध्ये आठ-आठ तास, पाणी नाही, लघवीला जाता येत नाही, आणि मुलगे म्हणून त्यांच्याच नाइट जास्त. लाट ओसरली आणि सेवा समाप्तीचं पत्र मिळालं. त्यातल्या एकाला मी विचारलं, पुढे काय? म्हणाला, 'टाळ्या वाजवलेला व्हिडिओ आहे मॅडम, तो जोडतो अर्जाला.' मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिकांनी बाह्यस्रोतातून भरती नको म्हणून संप केला होता. तेव्हा लोकांना वाटलं, पगारवाढीसाठी चाललंय. कंत्राटदारामार्फत आलेला माणूस कुणाचाच नसतो, त्याच्या चुकीला वॉर्ड जबाबदार आणि त्याच्या पगाराला कुणीच नाही, हे वॉर्डात राहिल्याशिवाय कळत नाही.

आणि आता परदेश. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. पुण्यात जर्मनच्या क्लासला आमची पोरं नाइट करून, डोळे चोळत जातात. बी-२ पातळी काढायला वर्ष-सव्वा वर्ष घालवतात. मराठवाडी तोंडाने ते 'उ' आणि 'ओ'चे उच्चार ऐकायला मजा येते, पण पठ्ठे काढतात. आता बघा, ही मुलं तिथे जाऊन करतात काय? वॉर्डात नाहीतर वृद्धांच्या निवासात पेशंटला अंघोळ घालणं, डायपर बदलणं, कुशीवर वळवणं, भरवणं. आपल्याकडे ही कामं नातेवाईक, मामा आणि मावशी करतात. तिथे शिकलेला नर्स स्वतः करतो. बायकी काम, लाज वगैरे म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. जो मुलगा इथे 'घाण काम नको' म्हणून पळाला असं तुम्ही म्हणता, तो तिथे तेच काम, त्याहून जास्त, परक्या भाषेत आनंदाने करतोय. एकाने तिथून फोन केला होता. मी विचारलं, काय फरक रे? वाटलं, पगार सांगेल. तो म्हणाला, 'मॅडम, इथे जड पेशंट उचलायला यंत्र आहे. आणि एकट्याने उचलला तर रागावतात.'

यंत्रं येतील तेव्हा येतील. दुसऱ्या वॉर्डात मदतीला गेलेल्या माणसाची रिपोर्ट बुकात सही घ्यायला मात्र एक पैसा लागत नाही. ती सुरू करा, म्हणजे मेमोला उत्तर देता येईल. कॅज्युअल्टी आणि मेल वॉर्डांच्या नाइटला दोन ब्रदर ठेवा, आणि तेवढी पदं भरा. रिक्त पदांवर माणूस नेमायचा नाही आणि आहे त्याला 'अ‍ॅडजस्ट करा' म्हणायचं, हे फार झालं. मुलांना एसएनसीयू, पीडियाट्रिक, आयसीयूत नीट वर्ष-दोन वर्षं राहू द्या. क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनर म्हणून दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, हुशार मुलं तो करतातही, पण आमच्या रुग्णालयाच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, तसलं पद मी कधी पाहिलं नाही. एवढं शिकून आला तरी तो त्याच पाळीत, त्याच पगारात. पेशंटजवळ राहून वर चढायचं असेल तर एकच रस्ता, परिसेविकेची बढती, आणि ती मिळेपर्यंत माणूस पन्नाशीला टेकतो. बढती मिळाली की तोही पेशंट सोडून सामानाचे इंडेंट आणि लिस्ट करत बसतो, जशी मी बसले.

२०१६ च्या समितीचे आकडे मात्र आपल्या दैनिकाने एकदा छापावेत. ठळक छापावेत आणि जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांना विचारावं की तुमच्या खाटा किती आणि तुमचा पगार किती. जाहिराती तीच रुग्णालयं देतात हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

पत्राखाली माझं नाव छापू नये ही विनंती. सून याच खात्यात आहे आणि तिच्या बदलीचा अर्ज अजून वरच पडून आहे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, पुणे